योगासनांचं सामान घरातच आहे: लोड, गोधडी, पाट आणि महिन्याभराची रद्दी

दोन वर्षं मी अय्यंगार पद्धतीच्या (विटा, पट्टे असे आधार घेऊन करायच्या) योगाच्या क्लासला जात होते, मग क्लासची वेळ बदलली आणि माझी लोकल काही बदलली नाही, त्यामुळे क्लास सुटला. घरी करू म्हटलं तर पहिल्याच दिवशी हात खाली टेकेना, कारण क्लासमध्ये हाताखाली वीट असायची, पाठीला लोड असायचा, पायाला पट्टा असायचा. मग काय, ऑनलाइन कार्ट भरलं. दोन लाकडी विटा, पट्टा, लोड, चार ब्लँकेटं, बिनपाठीची खुर्ची. एकूण आकडा बघितला आणि नवरा म्हणाला, पैसे सोड, ठेवणार कुठे? डोंबिवलीत वन बीएचके, दिवाणाखाली आधीच सासूबाईंचे लोड कोंबलेले. आणि तिथेच माझी ट्यूब पेटली, की अगं लोड तर आहेत की!

त्यानंतर सात-आठ महिने मी घरातल्याच वस्तूंवर काढले. बऱ्याच चुका केल्या, एकदा तोंडावर पडायची वेळ आली. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं लिहितेय. मी टीचर नाही हे आधीच सांगते. ज्यांनी थोडंफार कुणाकडून शिकलंय आणि आता घरी करायचंय, किंवा नुकतीच सुरुवात करताय आणि वाकता येत नाही म्हणून लाज वाटते, त्यांच्यासाठी हे आहे. स्लिप डिस्क, बीपी, काचबिंदू, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काही असेल तर आधी डॉक्टर आणि शिकवणारं माणूस, मग हा लेख.

० . आधी हे डोक्यातून काढा, की प्रॉप (आसनात आधाराला घ्यायची वस्तू) म्हणजे चीटिंग

आमच्या बिल्डिंगमधले एक काका मला म्हणाले, "विटेवर हात ठेवून कसलं त्रिकोणासन?" त्यांना काय सांगणार. ही विटा-पट्ट्यांची पद्धत बाहेरून आलेली फॅशन नाही, आपल्या पुण्यात वाढलेली गोष्ट आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली शिकवायला पुण्यात आले ते कायमचेच, आणि स्वतःच्या आणि विद्यार्थ्यांच्या अंगावर प्रयोग करताना त्यांनी जे हाताशी सापडलं ते वापरलं, विटा, दगड, काठ्या, दोऱ्या. पुढे १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांच्या पत्नीच्या नावाने संस्था उभी राहिली तोवर त्या वस्तूंना नीट मापं आणि आकार आले होते. म्हणजे मुळात हे सगळं हाताशी असलेल्या सामानातूनच सुरू झालंय, आपण फक्त परत तिथे जातोय.

आणि प्रॉपचं काम काय, तर जमीन लांब असेल तर ती जवळ आणायची, हात आखूड पडत असेल तर तो लांब करायचा, आणि जिथे शरीर घाबरून आखडतं तिथे त्याला सांगायचं की बाबा, टेकलंय, सोड आता. बास. वस्तू कुठलीही असो, यातलं एक तरी काम ती करत असेल तरच ती घ्यायची, नाहीतर नुसता पसारा.

१. घरात एक फेरी मारा आणि हे गोळा करा

- सोलापुरी चादरी २-३ (जुन्या असतील तर अजून चांगल्या)
- गोधड्या २, आजीच्या हातच्या जुन्या साड्यांच्या असतील तर सोनं
- लोड १ (नसेल तर कसा करायचा ते पुढे येईल)
- महिन्याभराची रद्दी आणि सुतळी
- सुती ओढणी, पंचा किंवा जुन्या कॉटन साडीचा उभा फाडलेला पट्टा, ७-८ फूट लांब
- पाट १, जेवायला बसायचा, देवघरातला नाही
- लाकडी किंवा लोखंडी खुर्ची, चाकं नसलेली
- टॉवेल २, त्यातला एक छोटा नॅपकिन
- रिकामी भिंत, निदान ३ फूट रुंद

ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, मुंबईकडच्यांना तरी. आमच्याकडे रिकामी भिंत नव्हतीच, शेवटी फ्रीज आणि दार यांच्यामधली सापडली, तिथलं कॅलेंडर काढावं लागलं.

२. प्रत्येक वस्तूची आधी परीक्षा घ्या: हलते का, घसरते का, दबते का

वस्तू जमिनीवर ठेवा, दोन्ही हात तिच्यावर ठेवून हळूहळू सगळा भार द्या आणि थोडं पुढे-मागे ढकला. सरकली, डुगडुगली किंवा एका बाजूने खचली तर ती बाद. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी प्लास्टिकच्या स्टुलावर हात ठेवून वाकले आणि नुकती पुसलेली व्हिट्रिफाइड टाइल असल्याने स्टूल गेलं पुढे नि मी गेले खाली. हनुवटीला टेंगूळ आलं, ऑफिसात तीन दिवस तेच उत्तर देत होते.

शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर एवढं घसरत नाही, गुळगुळीत टाइल असेल तर मात्र काहीही ठेवायचं ते भिंतीला टेकवूनच ठेवायचं. सतरंजी टाइलवर टाकून तिच्यावर उभ्याची आसनं करायची नाहीत, पाय सतरंजीसकट जातो. उभं राहायचं ते कोरड्या फरशीवर, अनवाणी, आणि सतरंजी फक्त बसायला नि झोपायला. पायात मोजे असतील तर काढा, थंडी असली तरी.

३. वीट: रद्दीची कशी करायची

दुकानात मिळणारी लाकडी वीट साधारण ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड असते, म्हणजे जवळजवळ आपली नेहमीची बांधकामाची वीट. मग खरी वीटच का नाही? चालते, मी पण आधी तीच आणली, बिल्डिंगखाली काम चालू होतं तिथून मागून. धुऊन, वाळवून, जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून शिवून टाकली, नाहीतर घरभर लाल भुकटी. दोन गोष्टी मात्र सांभाळा, एक तर ती जड असते आणि पायाच्या अंगठ्यावर पडली की कळतं, आणि दुसरं म्हणजे ते पांढरे हलके ब्लॉक मिळतात हल्ली ते घेऊ नका, त्यांचे कोपरे झडत राहतात.

पण मला सगळ्यात आवडली ती रद्दीची वीट. ही अशी करायची:

पेपर नेहमी येतो तसा घडी घातलेला घ्या आणि अजून एक घडी घाला, आमच्या पेपरचा साधारण साडेदहा बाय साडेसहा इंचाचा आयत होतो. आतल्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या काढून टाका, त्या गठ्ठ्यात एकमेकींवरून सरकतात. आता एकावर एक रचताना एक पेपर घडीची बाजू डावीकडे, पुढचा उजवीकडे असं आलटून पालटून ठेवा, कारण घडीची बाजू नेहमी फुगलेली असते आणि सगळ्या एकाच बाजूला आल्या तर वीट तिरकी होते (माझी पहिली झाली, पायाखाली घेतली की होडी). साधारण महिन्याभराच्या पेपरांची ३ इंच जाडी होते. मग सुतळीने आडवं-उभं बांधा, पण बांधायच्या आधी गठ्ठ्यावर चक्क उभे रहा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाठ मारायला सांगा, म्हणजे ती नंतर सैल पडत नाही. रात्रभर पलंगाच्या पायाखाली ठेवा. सकाळी वरून खाकी टेप लावा किंवा जुना उशीचा अभ्रा घट्ट शिवून टाका. अशा दोन करा.

ही आडवी वापरायची, हवं तर कडेवर. उभी करून तिच्यावर भार द्यायचा नाही, ती मधे वाकते. जास्त उंची हवी असेल तर पाटावर वीट ठेवा, पाट भिंतीला टेकवून.

दिवाळी अंकांची पण फार सुंदर वीट होते, सहा-सात अंक बांधले की झालं, कागद जाड आणि माप छान. पण माझ्या सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "विद्येवर बसतेस?" पुस्तकाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, त्यामुळे त्यांचं चुकत काहीच नव्हतं. मी म्हटलं रद्दी पण छापीलच आहे की, तर म्हणाल्या रद्दीवर आपण मासे पण साफ करतो. तह असा झाला की अंक फक्त हाताखाली घ्यायचे, पायाखाली आणि बुडाखाली रद्दी.

विटेचा उपयोग कुठे:

त्रिकोणासनात (पाय फाकवून उभं राहून एका बाजूला वाकायचं) त्या बाजूच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याजवळ वीट ठेवा आणि हात तिच्यावर. आधी पाट अधिक वीट, काही आठवड्यांनी नुसती वीट. हात पोचावा म्हणून गुडघा वाकत असेल किंवा छाती जमिनीकडे वळत असेल तर उंची कमी पडतेय असं समजा आणि वाढवा, त्यात कमीपणा नाही.

वीरासनात गुडघे मागे दुमडून, दोन्ही पावलांच्या मधे वीट ठेवून तिच्यावर बसा. एक कमी पडली तर दोन. गुडघ्यात कळ आली तर उंची वाढवा, तरी आली तर उठा, तिथे "सहन करू थोडं" हा प्रकार अजिबात नाही. पावलं चपटी पडत नसतील तर घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्यामागे खाचेत नॅपकिनची बारीक सुरळी ठेवून बघा, मला त्याने खूप फरक पडला.

सेतुबंधात पाठीवर झोपून गुडघे वाकवा, ढुंगण उचला आणि वीट आडवी खाली सरकवा. कुठे ठेवायची हे महत्त्वाचं, कंबरेच्या पोकळीत नाही, त्याच्या खाली जिथे सपाट रुंद हाड हाताला लागतं तिथे. बरोबर जागी असेल तर पाठ हलकी वाटते, चुकीच्या जागी असेल तर लगेच टोचते. त्या अवस्थेत मान इकडेतिकडे वळवायची नाही, मोबाईल वाजला तरी.

४. पट्टा: ओढणी चालते, पण कुठली ते बघा

जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन नको, ती तळव्यावरून सटकते आणि पाय दाणकन खाली येतो. लेगिंगसारखं ताणलं जाणारं काहीही नको, कारण पट्ट्याने न ताणता धरून ठेवायचं असतं. परकराची नाडी बारीक असते, कातडीत रुतते. सुती ओढणी लांबीत घड्या घालून दीड-दोन इंच रुंद करा, किंवा पंचा, किंवा नवऱ्याचे दोन कमरेचे बेल्ट एकमेकांत अडकवून. प्रवासी बॅगेला वरून बांधायचा बकलवाला पट्टा घरात असेल तर तो तर तयार प्रॉपच आहे, आमचा माळ्यावर सापडला.

गोल फास करायचा असेल तर सुरगाठ मारू नका, ओढली की सुटते किंवा आवळत जाते. निरगाठ, दोनदा. आणि कधीही फास मानेभोवती किंवा छातीभोवती नाही, फक्त पाय, मांड्या आणि कंबर.

सुरुवातीला एकच आसन पट्ट्याने करा, सुप्त पादांगुष्ठासन. पाठीवर झोपायचं, एका पायाचा तळवा भिंतीला दाबून ठेवायचा, दुसऱ्या पायाच्या तळव्याला पट्टा लावून पाय वर सरळ करायचा आणि दोन्ही टोकं दोन हातांत. गुडघा सरळ राहील एवढाच पाय वर, मग तो साठ अंशावर का थांबेना. खांदे जमिनीवर. डोकं मागे जात असेल तर खाली चादरीची घडी. लोकलमध्ये दीड तास उभं राहून आल्यावर हे दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं करा, रात्री पोटऱ्या ठणकायच्या थांबतात, माझ्या तरी थांबल्या.

५. चादर, गोधडी आणि लोड

हा माझा लाडका भाग आहे. दुकानातली योगा ब्लँकेटं बघितली तर ती जाड, घट्ट विणीची सुती असतात, म्हणजे आपली सोलापुरी चादरच की! मऊ केसाळ मिंक ब्लँकेट दिसायला छान, पण त्याची घडी सरकते आणि वजन पडलं की चपटी होते. गोधडीचं उलट आहे, हाताने घातलेल्या टाक्यांमुळे थर एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ती कितीही वेळ बसलात तरी तशीच राहते. माझ्याकडची आजीच्या नऊवारींची आहे, आतला एक थर तर तिच्या लग्नातल्या शालूच्या अस्तराचा असल्याचं आई सांगते, आणि मी त्यावर रोज दंडासनात (पाठ ताठ, पाय समोर सरळ) बसते.

घडी घालायची तर नीट घाला, इस्त्रीला द्यायच्या कपड्यासारखी. कडा एकावर एक, सुरकुती नाही. बसताना आणि मानेखाली घेताना घडीची गोल बाजू शरीराकडे, सुट्टी टोकं बाहेर. क्लासमध्ये यावरून मी सगळ्यात जास्त ओरडा खाल्लाय, तेव्हा वाटायचं काय हा काटेकोरपणा, पण घरी वेडीवाकडी घडी घेऊन पाच मिनिटं बसून बघा, एक कंबर वर आणि एक खाली.

मांडी घालून बसलं की गुडघे कंबरेच्या वर राहतात का तुमचे? मग पाठ गोल होणारच. बुडाखाली २-३ इंच घडी घ्या, गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठ उभी राहते. दंडासन आणि पश्चिमोत्तानासनात (तसंच बसून पुढे वाकायचं) पण असंच, आधी उंचावर बसा, मग पायाला पट्टा, आणि पाठ गोल करून कपाळ गुडघ्याला लावायचा हट्ट नको.

लोड: जुन्या पद्धतीचा कापसाचा, ठासून भरलेला असेल तर उत्तम. वेलवेटचा खोळ असेल तर काढून सुती घाला, नाहीतर तुम्ही एकीकडे आणि लोड दुसरीकडे. लोड नसेल तर दोन गोधड्या एकमेकींवर टाकून दोन फूट रुंदीच्या करा, घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकांना पट्ट्याने बांधा. सोफ्याच्या उशा एकावर एक ठेवून लोड होत नाही, मी करून बघितलंय, मधे छातीखाली भगदाड पडतं.

लोडावर काय करायचं:

सुप्त बद्धकोणासन. लोड पाठीमागे जमिनीवर, कण्याच्या रेषेत ठेवा, त्याचं टोक ढुंगणाला टेकेल असा, तळवे एकमेकांना जोडून गुडघे बाजूला सोडा आणि हातांचा आधार घेत मागे झोपा. डोक्याखाली वेगळी घडी, कपाळ हनुवटीपेक्षा थोडं वर राहिलं पाहिजे. दोन्ही गुडघ्यांखाली उशा, हे विसरू नका, गुडघे हवेत लटकले तर मांड्यांचे स्नायू सोडतच नाहीत. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं करायची नाहीत असं या पद्धतीत शिकवतात, तेव्हा मी फक्त हे आणि शवासन करते.

अधोमुख वीरासन. गुडघे पसरून बसा, लोड मांड्यांच्या मधे, लांबी समोर जाईल असा जमिनीवर घ्या आणि पोट, छाती, डोकं सगळं त्याच्यावर टाकून द्या. गाल एका बाजूला, अर्ध्या वेळाने दुसऱ्या. ऑफिसात बॉसची बोलणी खाऊन आल्यावर पंधरा मिनिटं.

विपरीत करणी म्हणजे पाय भिंतीवर. लोड भिंतीला समांतर, भिंतीपासून चार-पाच इंच सोडून, एका बाजूने बसून वळत पाय वर घ्यायचे. पहिल्या दिवशी लोड न घेताच करा, नुसते पाय भिंतीवर, कारण त्या वळण्यात आम्ही सगळे एकदा तरी लोडावरून गडगडलोय. डोळ्यांचा त्रास किंवा बीपी असेल तर हे सोडा.

खांद्याखाली ब्लँकेटं घेऊन सर्वांगासन करतात ते तुम्हाला माहीत असेल, पण ते घरी, पहिल्यांदा, एकटं नको. मानेचा प्रश्न आहे, कुणीतरी समोर उभं राहून शिकवलंच पाहिजे. शीर्षासनाचं तर नावच नको.

६. खुर्ची, ओटा, ग्रिल

खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवा. प्लास्टिकची नको, तिचे पाय भाराने फाकतात. ऑफिसची चाकांची तर नकोच नको. क्लासमधल्या बिनपाठीच्या खुर्चीत आत घुसून मागे वाकतात तसं घरच्या खुर्चीवर करायला जाऊ नका, अडकून बसाल. तीन गोष्टी पुरतात. बाजूने बसून पाठीला धरून वळायचं, म्हणजे भारद्वाजासन. सीटवर हात ठेवून अधोमुख श्वानासन, म्हणजे ढुंगण वर आणि शरीर उलट्या व्हीसारखं. आणि तिसरी म्हणजे पाठ जमिनीवर, पोटऱ्या सीटवर, गुडघे काटकोनात, दहा मिनिटं. कंबर धरलेली असताना यापेक्षा आरामाचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

स्वयंपाकघरातला ओटा अर्ध उत्तानासनासाठी (उभं राहून कंबरेतून काटकोनात वाकायचं) जणू बांधलेलाच असतो. कडेवर हात ठेवा, मागे चालत जा, पाठ ओट्याच्या रेषेत आली की थांबा, पाय कंबरेच्या बरोबर खाली. गॅस बंद आणि ओटा कोरडा असेल तेव्हाच. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत शेजारी उभं राहण्यापेक्षा बाजूच्या मोकळ्या कडेला करू असं वाटेल, वाटू देऊ नका, वाफ आणि कोपर यांची गाठ पडते.

खिडकीचं ग्रिल भिंतीत पक्कं असेल तर ते धरून मलासनात, म्हणजे उकिडवं, बसता येतं, टाचा उचलत असतील तर टाचांखाली चादरीची गुंडाळी. दाराचं हँडल नको. का ते आमच्या मुलाने पलीकडून दार उघडलं तेव्हा कळलं.

७. वजन: तांदळाची पिशवी की वाळू

शवासनात मांड्यांवर वजन ठेवलं की पाय चटकन शांत होतात. सगळीकडे सांगतात तांदळाची ५ किलोची पिशवी घ्या. एक तर ती प्लास्टिकची, घसरते आणि फाटली तर शवासन तिथेच संपलं, आणि दुसरं, अन्नाला पाय लावायचं आमच्या घरी कुणाला पटलं नाही, मलाही नाही. म्हणून जुन्या जीन्सचा एक पाय कापला, एक बाजू शिवली, धुऊन वाळवलेली वाळू आधी प्लास्टिकच्या पिशवीत भरून आत सरकवली आणि दुसरी बाजू शिवली. २-३ किलोची पुरे. मांडीच्या वरच्या भागावर ठेवा, गुडघ्यावर नाही, पोटावर नाही, आणि बद्धकोणासनात उघड्या गुडघ्यांवर तर मुळीच नाही.

डोळ्यांवर नॅपकिनची घडी, ती मात्र हलकी.

८. पहिल्या दोन आठवड्यांचा क्रम

पोट रिकामं हवं, जेवणानंतर निदान तीन-चार तास. मी सकाळी डबे भरून झाल्यावर करते, पंचवीस-तीस मिनिटं मिळतात.

1. ओट्याला अर्ध उत्तानासन, १ मिनिट, दोनदा
2. भिंतीला पाठ लावून ताडासन (ताठ उभं राहायचं), मग भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन (एका पायावर), दोन्ही बाजू
3. त्रिकोणासन, पाट आणि वीट, दोन्ही बाजू, दोनदा
4. खुर्चीवर भारद्वाजासन, दोन्ही बाजू
5. पट्ट्याने सुप्त पादांगुष्ठासन, २-२ मिनिटं
6. विटेवर सेतुबंध, २ मिनिटं
7. लोडावर सुप्त बद्धकोणासन, ५ मिनिटं
8. शवासन, पोटऱ्या खुर्चीवर, ५ ते ७ मिनिटं

सगळं सामान आधीच मांडून ठेवा. दर आसनाला उठून गोधडी शोधायला गेलात तर वाटेत भांडी दिसतात, मोबाईल दिसतो, आणि तुम्ही परत येत नाही.

श्वास अडकला, चक्कर आली, मुंग्या आल्या, सांध्यात टोचलं तर बाहेर या. स्नायू ताणल्याची जाणीव वेगळी आणि सांध्यातली कळ वेगळी, हा फरक पहिल्या आठवड्यातच ओळखायला शिका.

९. मग विकत काही घ्यायचंच नाही का

मी दोनच गोष्टी घेतल्या. एक चांगली, पायाला पकड देणारी मॅट, कारण अधोमुख श्वानासनात ओढणी-चादरीने काम भागत नाही, आणि एक बकलवाला पट्टा, कारण रोज निरगाठ सोडवून सोडवून नखं गेली. लाकडी वीट हवीच असेल तर सुताराकडे उरलेल्या लाकडाचा तुकडा त्या मापात कापून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने गोल करायला सांगा, माझ्या मैत्रिणीने तसंच केलं. बाकी कार्ट अजून तसंच भरलेलं पडलंय, मधे मधे नोटिफिकेशन येतं की तुमचा लोड वाट बघतोय.

आमचा लोड रोज साडेसातला परत दिवाणावर जातो. सासूबाईंची सिरीयल असते तेव्हा, आणि त्यांची अट आहे की खोळ उलटा करून द्यायचा.